विज्ञान पेटी, १ नग : सहावीच्या प्रयोगांचं साहित्य दिवाळीच्या आत जमवायचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोष्ट २०२२-२३ सालची. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातली माणसं अजून तिथंच आहेत आणि मलाही याच तालुक्यात नोकरी करायचीये. पट ११२. सहावी-सातवीचं विज्ञान आणि गणित माझ्याकडं, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी पण माझ्याच गळ्यात. सहावीत २६ लेकरं. ही तीच बॅच, जी मार्च २०२० मध्ये तिसरीत असताना घरी गेली, चौथी अख्खी मोबाईलवर (ज्याच्या घरी मोबाईल होता त्याची), पाचवीचा बराच भाग तसाच, आणि मग एकदम सहावीत येऊन बसली. गप्प बसायची खूप. प्रश्न विचारला की पुस्तकात बोट ठेवून ओळ शोधायची.

या २६ मधली १५ घरं ऊसतोडीची. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागायला सुरुवात होते, दिवाळी उरकली की निम्म्या गावाला कुलूप, आणि माणसं परत येतात ती मार्च-एप्रिलला, कारखाना कधी बंद होतो त्यावर. हंगामी वसतिगृहाची सोय असते, म्हणजे लेकरू आजी-आजोबाकडं राहतं आणि जेवण शाळेत मिळतं, पण सगळ्यांना ते जमत नाही. लहान भावंडं सांभाळायला थोरली पोरगी लागतेच, त्यामुळं नाव हजेरीपटावर आणि पोरगी फडात.

हे सगळं आधीच सांगतेय, कारण साहित्याचा विषय निघाला की सगळे पैशापासून सुरू करतात, मी पण तसंच केलं होतं आणि त्यात माझा दीड महिना गेला.

अडचण नेमकी काय होती

जूनमध्ये मी पुस्तक घेऊन बसले. सहावीच्या सामान्य विज्ञानात १६ धडे. हाताला काम असलेले धडे बघा कुठं आहेत : साधी यंत्रे बारावा, ध्वनी तेरावा, प्रकाश व छायानिर्मिती चौदावा, चुंबकाची गंमत पंधरावा. वार्षिक नियोजनात हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत पडतं. आता दुसरीकडं पैसे बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वरखर्चाचं संयुक्त अनुदान येतं, १०१ ते २५० पट असला तर तेव्हाच्या नियमानं वर्षाला ५० हजार, त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर. कागदावर बरं वाटतं. पण त्यातच लाईट बिल, खडू, रजिस्टरं, नळाची दुरुस्ती, रंगरंगोटी, आणि आमच्याकडं पैसे येतात ते हप्त्यानं, निम्म्याच्या वर वर्ष सरल्यावर. मग ३१ मार्चच्या आत खर्च करा म्हणून पळापळ. म्हणजे धडा येतो जानेवारीत, साहित्य येतं मार्चमध्ये आणि लेकरू जातं दिवाळीत. मी तोपर्यंत नऊ वर्षं नोकरी केली होती आणि या तीन तारखा कधी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या नव्हत्या. त्या लिहिल्या आणि डोकंच सुन्न झालं.

आणि तिसरी अडचण कपाटात होती. ऑफिसातल्या गोदरेजच्या कपाटात एक निळी पत्र्याची पेटी, काही वर्षांपूर्वी वरून आलेली, कुलूप लावलेली. मी मुख्याध्यापक सरांना चावी मागितली तर म्हणाले, "मॅडम, देतो, पण फुटलं-तुटलं तर कोण भरून देणार? डेडस्टॉकला आहे ती." रजिस्टर उघडून बघितलं तर खरंच, जडवस्तू संग्रह नोंदवहीत एकच ओळ : विज्ञान पेटी, १ नग. आत ६० वस्तू असतील की ७० देव जाणे, पण शासनाच्या लेखी तो एक नग. एक परीक्षानळी फुटली की नग अपुरा झाला, आणि अपुऱ्या नगाचं निर्लेखन करायचं, म्हणजे तो नोंदवहीतून रीतसर काढून टाकायचा, तर प्रस्ताव, पंचायत समिती, हेलपाटे. सरांची निवृत्ती पावणेदोन वर्षांवर होती. पेन्शनच्या कागदांत काही अडकू नये ही त्यांची भीती मला तेव्हा चिडचिड वाटायची, आता नाही वाटत. आपल्याकडं वस्तू वापरून संपली तर खुलासा द्यावा लागतो, न वापरता कपाटात सडली तर कुणी विचारत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कुलूपच लावलं असतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय म्हणजे पेटी विकत घ्यायची. तालुक्याला एक वितरक यायचा, त्याच्याकडं छापील कॅटलॉग, प्राथमिक विज्ञान संच, किंमत १४ हजार ८००. असला बराच माल हरियाणातल्या अंबाल्याहून येतो, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या सामानाचं ते मोठं केंद्र आहे, आणि माल वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण त्या संचात प्रत्येक वस्तू एक. फार तर दोन. २६ लेकरांत एक चुंबक म्हणजे मी पुढं उभं राहून दाखवणार आणि मागच्या बाकावरची पोरं माझी पाठ बघणार. शिवाय पैसेही नव्हते आणि आले असते तरी मार्चमध्येच. हा पर्याय लगेच सोडला.

दुसरा, दाता शोधायचा. गावातली बरीच पोरं चाकण-भोसरीला कंपन्यांत आहेत, त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी मेसेज टाकला, दोन दिवसांत एकाचा फोन आला, आमच्या कंपनीकडून बघतो म्हणाला. त्यांना द्यायचा होता स्मार्ट टीव्ही. मी म्हणलं, दादा, एक आहे आमच्याकडं, त्याच्यावर चादर टाकलेली असते कारण दिवसा लाईट नसते, मला खिळे आणि तार पाहिजे. तो खूप वेळ गप्प बसला. खिळ्यांचा फोटो काय काढणार, हे तो बोलला नाही पण मला ऐकू आलं. नंतर म्हणाला, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला मोठं प्रदर्शन घ्या, तेव्हा बघू. २८ फेब्रुवारीला त्या १५ घरांतली माझी नऊ लेकरं कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर असणार होती. नाही म्हणलं, आणि हे नाही म्हणणं मला जड गेलं, कारण पुढं शाळेला काही लागलं तर याच पोराकडं जावं लागणार होतं.

तिसरा, पालकांकडून पन्नास-पन्नास रुपये. यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बोलणं झालं. एक ताई म्हणाल्या, "मॅडम, उचल आधीच फिटंना, तुम्ही पन्नास मागता, मी देईन पण माझी जाऊबाई देणार नाय, मग तिच्या पोरीनं बाजूला बसायचं का?" उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. विषय तिथंच संपला. आणि सक्तीनं तर घेताच येत नाही, फुकट शिक्षणाचा कायदा आहे.

चौथा, कचऱ्यातून. कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी बनवायचे अरविंद गुप्तांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या टीमनं जे काम केलं त्यावर आमच्यासारख्या कितीतरी मास्तरांचा वर्ग चाललाय. पण एक गोष्ट करून बघितल्याशिवाय कळत नाही : कचरा फुकट असतो पण सारखा नसतो. एक खेळणं बनवायला अडचण नाही. १३ जोड्यांसाठी १३ एकसारख्या बाटल्या, १३ एकाच मापाची झाकणं, १३ रिकाम्या रिफिली जमवायला तीन आठवडे लागतात आणि तोपर्यंत आधी आणलेल्या निम्म्या कुणीतरी पायाखाली चिरडलेल्या असतात. सायकलची वॉल ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, जी काडेपेटीच्या काड्या जोडायला वापरतात, ती तर आमच्या तालुक्याच्या सायकल दुकानात मिळालीच नाही, आता तसले वॉलच येत नाहीत म्हणाला.

पाचवा पर्याय, खिशातून. बहुतेक शिक्षक हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत. मला तो नको होता. पैशाचं एवढं नव्हतं, पण मी खिशातून आणलं की ते माझं साहित्य होतं, शाळेचं राहत नाही, आणि माझी बदली झाली की पिशवी माझ्याबरोबर जाते.

काय ठरलं

चौथा आणि पाचवा मिळून थोडं, आणि कुलूप उघडायचंच. पण सगळ्यात आधी एक काम केलं ज्याला एक पैसा लागला नाही, ते म्हणजे धड्यांचा क्रम फिरवला. चुंबक, साधी यंत्रे आणि प्रकाश हे तीन धडे उचलून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आणले, वाचून समजण्यासारखे धडे दिवाळीनंतर टाकले. केंद्रप्रमुख साहेबांना शिक्षण परिषदेत विचारलं, मला वाटलं नाही म्हणतील, ते म्हणाले नियोजनात कारण लिहून ठेवा आणि घटक चाचणीचं तुमचं तुम्ही बघा. बस्स. हे मी नऊ वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. त्या वर्षी दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, म्हणजे हातात नऊ-दहा आठवडे.

मग रजिस्टर. सरांना मी म्हणलं की पेटी एक नग म्हणून लिहिलीये हीच भानगड आहे, आपण समितीत ठराव घेऊन ती सगळ्यांसमोर उघडू, आतल्या वस्तूंची यादी करू, टिकाऊ वस्तू डेडस्टॉकला वेगवेगळ्या ओळीवर आणि फुटणाऱ्या-संपणाऱ्या वस्तू उपभोग्य साहित्याच्या वहीत. सर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "ठरावावर अध्यक्षाची आणि सगळ्यांची सही पाहिजे, माझ्या एकट्याची नको." तशीच घेतली. जुलैच्या शेवटी पेटी उघडली.

आत काय होतं? एक लोलक, चांगला. एक ताणकाटा, चालू. काचेचं सामान पेंढ्यात, त्यातलं एक चंचुपात्र आधीच तडकलेलं. एका खोक्यात चार सेल, फुटून त्यांचं पांढरं पीठ सगळ्या तारांवर पसरलेलं. आणि दोन पट्टीचुंबक, रक्षक पट्ट्या न लावता एकमेकांवर कसेही ठेवलेले, दोघांत मिळून टाचणी उचलायचा जोर नाही. इतकी वर्षं कुलपात जपलं ते हे. सर काहीच बोलले नाहीत, फक्त यादीत "निकामी" लिहिताना पेन जरा जोरात दाबलं.

खरेदी

पहिला टप्पा ऑगस्टमध्ये, माझ्या खिशातले ६०० रुपये, फक्त चाचणीसाठी, आणि हे उसने आहेत असं समितीच्या वहीत लिहून घेतलं. दुसरा टप्पा गणपतीनंतर. गावातल्या मंडळानं वर्गणीतले २,००० दिले, अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला होती, १२ तारखेला पोरं रोख पैसे घेऊन शाळेत हजर. त्यांना मंडळाचं नाव पाहिजे होतं वस्तूवर. चुंबकावर नाव कसं टाकायचं? शेवटी साहित्य ठेवायच्या लाकडी खोक्यावर ऑईलपेंटनं झोकात लिहिलं, दोघंही खूश.

पुण्याला भावाकडं जाणं होतंच, तेव्हा बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आणि तपकीर गल्ली फिरले. आमच्या तालुक्याला एक पट्टीचुंबकाची जोडी अडीचशेच्या खाली नव्हती, इथं स्पीकरसारखे मधे भोक असलेले काळे गोल चकतीचुंबक ९ रुपयाला एक, ४० घेतले. टॉर्चचे अडीच व्होल्टचे छोटे बल्ब ४०, सहा रुपयाला एक, आणि दुकानदार म्हणाला की हे संपले की परत येतील याची खात्री नाही, सगळं एलईडीवर गेलं. पेन्सिल सेल ३०, साधे झिंकवाले, मुद्दाम अल्कलाईन घेतले नाहीत, कारण पोरांनी तार आडवी लावली की अल्कलाईन सेल जास्त करंट फेकतो आणि जास्त तापतो. तांब्याची वायंडिंग वायर २०० ग्रॅम, २१० रुपये. छोटे आरसे १४. खिळे, दोरा, सुया, फुगे, चिकटपट्टी गावातून. सगळं मिळून १,७०० च्या आसपास, म्हणजे कॅटलॉगमधल्या एका संचाच्या आठव्या-नवव्या हिश्श्यात १३ जोड्यांचं साहित्य.

सिरिंजचा किस्सा वेगळा सांगायला पाहिजे. हवेचा दाब आणि पाण्याच्या जोरावर उचलणारी खेळण्यातली जेसीबी, यासाठी सिरिंज फार कामाची. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर ओळखीच्या, एक पालक म्हणाले की तिथं रोज ढीग पडतो, उकळून घ्या. मी जवळजवळ हो म्हणणार होते, फुकटचं कुणाला नको असतं. सिस्टरच ओरडल्या, वापरलेली सिरिंज जैववैद्यकीय कचरा आहे, बाहेर दिली तर माझी नोकरी जाईल आणि उकळून काही होत नाही. मेडिकलमधून नव्या, सुई काढून, ३० आणल्या, सहा रुपयाला एक. कचऱ्यातून विज्ञान या कल्पनेच्या भरात आपण कुठला कचरा हे विचारायचं विसरतो, मी विसरले होते.

तसंच मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्यांचं. सांगितलं होतं घरून काही जुनं इलेक्ट्रिकचं सामान असलं तर आणा, तर चार पोरांनी फुगलेल्या बॅटऱ्या खिशात घालून आणल्या. खिशात! त्या दिवसापासून यादीत "काय आणू नये" हा भाग "काय आणावं" च्या वर लिहिते.

वर्गात काय झालं

पहिल्या दिवशी ११ बल्ब उडाले. दोन सेलवर नीट लागतात, पण तीन लावले तर जास्त उजेड पडेल हे कुणाच्याही डोक्यात येणारच, आणि पडतोही, क्षणभर. मागच्या बाकावरनं "उडाला उडाला" सुरू झालं आणि तिथून ती साथच आली. मी चिडले. नंतर घरी बसून विचार केला की बल्ब सहा रुपयाचा आहे आणि ११ पोरांना आता न शिकवता माहितीये की बल्बवर अडीच व्होल्ट का लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी एक वही ठेवली, उडालं-फुटलं वही, ज्याच्याकडून गेलं त्यानं स्वतः लिहायचं : काय गेलं, कसं गेलं. दंड नाही. या वहीचा दुसरा उपयोग असा झाला की सरांना उपभोग्य साहित्याच्या नोंदीला आयता पुरावा मिळाला, त्यांची भीती तिथं खरी कमी झाली, माझ्या भाषणानं नाही.

विद्युतचुंबक मात्र आधी सपशेल फसला. आमच्याकडं विहिरीच्या मोटारी, त्यामुळं फाट्यावर दोन रिवाइंडिंगची दुकानं, आणि ऑगस्टच्या चाचणीत मी पैसे वाचवायला तिथून जुनी तार मागून आणली होती. खिळ्याला ७० वेढे घातले, सेल लावला, टाचणी ढिम्म. दोन दिवस कळेना. शेवटी त्या दुकानातल्या मिस्त्रीनंच सांगितलं, "मॅडम, ही जळालेल्या मोटारीतली तार, हिच्यावरचं कोटिंग गेलंय, वेढ्याला वेढा चिकटला की करंट मधनंच पळतो." नवी तार आणल्यावर उलटीच गंमत, कोटिंग पक्कं असल्यामुळं टोकाला करंटच जाईना. टोकं खरवडायला पॉलिश पेपर लागतो, पाच रुपयाचा, तो मी आणलाच नव्हता. पोरांनी ब्लेडनं खरवडलं, एकाचं बोट कापलं, तास तिथंच संपला. १,७०० रुपयांच्या साहित्याचा तास पाच रुपयाच्या कागदापायी गेला.

आणि सेल. खिळ्याभोवतीची तार म्हणजे जवळपास शॉर्टच, सेल गरम होतो आणि दोन दिवसांत बसतो. ३० सेल आठवड्यात संपले. मग नियम केला, पाच आकडे मोजेपर्यंतच तार टेकवायची. हा नियम आधी असता तर ३०० रुपये वाचले असते.

गोल चुंबकानं मला पण शिकवलं. पुस्तकात चित्र पट्टीचुंबकाचं, टोकाला उत्तर, टोकाला दक्षिण. चकतीला टोकच नाही. एका पोरीनं विचारलं ह्याचा उत्तर ध्रुव कुठंय, मी कड दाखवली. चूक होतं ते. दोन चकत्या पेन्सिलीत ओवल्या तेव्हा एक दुसरीच्या वर तरंगली आणि तिनंच सांगितलं की मॅडम, कडेला नाही, सपाट बाजूला आहे, एका अंगाला एक. दोऱ्यानं कडेवर उभी टांगली तर दोन्ही सपाट बाजू उत्तर-दक्षिणेला वळून थांबल्या. पट्टीचुंबक असता तर हा प्रश्न आलाच नसता.

लोखंडाचा कीस विकत घेतला नाही. ओढ्याच्या वाळूत प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून फिरवला की काळी पूड चिकटते, दोन तासांत पाव किलोची बरणी भरली. पिशवी उलटी केली की पूड सुटते. पिशवी न घेता चुंबक तसाच वाळूत घातला तर मात्र त्याला चिकटलेली पूड कधीच पूर्ण सुटत नाही, तीन चुंबक तसे गेले.

निकाल

दिवाळीच्या सुट्टीआधी तिन्ही धडे झाले. १४ ऑक्टोबरच्या सुमारास पहिली दोन लेकरं गेली, बाकीची सात दिवाळीच्या आगंमागं. गेलेल्या नऊपैकी सगळ्यांनी चुंबकाचं काम पूर्ण केलं होतं, प्रकाशाचं सहा जणांनीच. म्हणजे माझं नियोजन पूर्ण यशस्वी नाही, साधी यंत्रे मी उगीच आठ दिवस लांबवलं, कप्प्यांचा खेळ चांगला रंगला होता म्हणून.

जाताना एकानं विचारलं, चुंबक नेऊ का. मी दोन मिनिटं रजिस्टरचा विचार केला. मग नऊही जणांना एकेक दिला आणि उपभोग्य वहीत "विद्यार्थ्यांना घरी वापरासाठी, ९ नग" लिहिलं. सरांनी सही केली, विचारलं काहीच नाही. एप्रिलमध्ये पोरं परत आली तेव्हा नऊपैकी चार चुंबक शिल्लक होते, एक फुटून दोन तुकड्यांत, आणि तो पोरगा दोन्ही तुकडे घेऊन आला होता हे सांगायला की तुकड्याला पण दोन्ही अंगं आहेत. दुसरा म्हणाला, फडावर बैलांना पत्र्या मारताना नालबंदाचे खिळे पाचटात पडायचे ते मी चुंबकानं काढून द्यायचो, त्यानं मला वीस रुपये दिले. बाकीच्या पाच जणांचे हरवले. लहान भावानं कुठं टाकला माहीत नाही, असं.

परीक्षेत गुण वाढले का हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्या नऊ जणांनी दुसऱ्या सत्राची परीक्षाच नीट दिली नाही, त्यामुळं सांगण्यासारखा आकडा माझ्याकडं नाही. वर्गात बोलणं वाढलं एवढं दिसलं. पुस्तकात बोट ठेवून ओळ शोधणं या तीन धड्यांना तरी झालं नाही.

अनुदानाचे पैसे फेब्रुवारीत आले. त्यातून माझे ६०० मिळाले नाहीत, कारण ऑगस्टची पावती आणि फेब्रुवारीचा पैसा जुळत नाही. ते समितीनं १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी जमलेल्या देणगीतून पुढच्या वर्षी दिले. पण अनुदानातले ३,००० सरांनी साहित्याला काढून ठेवले आणि मार्चमध्ये जी खरेदी झाली ती पुढच्या जूनसाठी केली, चालू वर्षासाठी नाही. मार्चमधल्या पैशानं पुढच्या दिवाळीची तयारी करायची, एवढी साधी गोष्ट, फक्त सेल मार्चमध्ये घ्यायचे नाहीत, उन्हाळाभर पत्र्याखाली ठेवले की फुटतात. ते जुलैत.

आता करायचं झालं तर

खरेदीला जायच्या आधी प्रत्येक प्रयोग घरी एकदा स्वतःच्या हातानं, त्याच वस्तूंनी. पॉलिश पेपर तिथंच आठवला असता. पेटी उघडायचा ठराव जुलैपर्यंत न थांबता जूनच्या पहिल्याच बैठकीत. त्या कंपनीतल्या पोराला मी तुटकपणे नाही म्हणलं, त्याला यादी पाठवायला पाहिजे होती, चाकणला दुकानं आहेत, तो शनिवारी येताना सामान घेऊन आला असता, पैसे नको नि फोटो नको. आणि तीन धड्यांऐवजी दोनच धरले असते. नऊ आठवड्यांत गणपती आहे, नवरात्र आहे, क्रीडा स्पर्धा आहेत, तीन धडे हा माझा हावरेपणा होता.

एका गोष्टीवर माझं अजून ठरत नाही, ती म्हणजे बल्ब की एलईडी. टॉर्चचे बल्ब पुढच्या वर्षी खरंच मिळाले नाहीत. एलईडी तेव्हा दीड रुपयाला एक पडायचा, दोन सेलवर पांढरा नीट लागतो, सहज उडत नाही. पण तो उलटा लावला तर लागतच नाही आणि पहिल्यांदा सर्किट जोडणाऱ्या लेकराला वाटतं आपलंच चुकलं. बल्बमध्ये तार तापून लाल होताना दिसते, एलईडीत काहीच दिसत नाही. सध्या उरलेले जुने १२ बल्ब जपून वापरतो, बाकी एलईडी.

पुढं सर निवृत्त झाले. नवीन मुख्याध्यापक मॅडमनी चार्ज घेताना लाकडी खोकं बघितलं, मंडळाचं नाव वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, हे डेडस्टॉकला का नाही? मी ठरावाची प्रत आणि उडालं-फुटलं वही दोन्ही पुढं ठेवलं. वही त्यांनी बराच वेळ चाळली, मध्येच हसल्या, एका पोरानं लिहिलं होतं : बल्ब गेला, मीच घालवला, चार सेल लावून बघायचे होते. मग म्हणाल्या, खोक्याला कुलूप नको, पण झाकण बसवून घ्या, उंदीर दोरा खातायत.